लामा बेटावरच्या युद्धकाळातल्या गुहा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वाटाड्या

हाँगकाँगला जाणारी आपली मंडळी बहुतेक वेळा डिस्नेलँड, व्हिक्टोरिया पीक, लांताऊचा मोठा बुद्ध आणि रात्रीची रोषणाई एवढं बघून मकाऊची बोट पकडतात. सहलीत एक मोकळा दिवस असेल, तर तो लामा बेटाला द्या, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. जेमतेम 14 चौरस किलोमीटरचं बेट. मोटारी नाहीत, गगनचुंबी इमारती नाहीत. समुद्राच्या कडेकडेने जाणारी एक सोपी पायवाट आहे आणि त्या वाटेच्या शेवटाकडे दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने डोंगराच्या पोटात खणलेल्या गुहा आहेत. स्फोटकं भरलेल्या आत्मघातकी बोटी लपवण्यासाठी त्या खणल्या होत्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला या गुहा म्हणून काहीच वाटणार नाहीत. कोरीवकाम नाही, खांब नाहीत. डोंगरात एक अंधारं भोक आणि शेजारी माहितीचा फलक. अनेक जण दोन फोटो काढतात आणि ‘एवढंच?’ म्हणून पुढे जातात. गुहा समजून घ्यायची तर तिच्यासमोरची खाडी वाचता आली पाहिजे, आणि त्यासाठी कुठल्या दिशेने चालायचं, कुठे थांबायचं, काय बघायचं हे आधी ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जाताना आगमनपूर्व नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते आणि मोफत असते. मंजूर झाली की 6 महिने चालते, आणि दर खेपेला 14 दिवसांपर्यंत राहता येतं. हाँगकाँगच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. त्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. नोंदणीची छापील प्रत जवळ ठेवा, आपल्या विमानतळावर चेक-इनच्या वेळीच ती विचारतात.

ऋतू नीट निवडा. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात चांगला. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं आणि समुद्र लांबवर स्वच्छ दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये धुकं आणि दमटपणा असतो. टेकडीवरून खाडीच दिसली नाही तर या सहलीचा अर्धा अर्थ गेला. जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. हाँगकाँगची वेधशाळा वादळाचा इशारा आकड्यांत देते. 8 क्रमांकाचा बावटा लागला की फेरी बंद होतात आणि बेटावर असाल तर तिथेच अडकता. त्या महिन्यांत जाणार असाल तर सकाळी उठल्यावर चहाच्या आधी वेधशाळेचं अ‍ॅप उघडा.

सोबत घ्यायचं सामान थोडंच. चांगली पकड असलेले बूट, टोपी, माणशी किमान एक लिटर पाणी, डासांचं मलम आणि छोटी बॅटरी. वाट सिमेंटची असल्यामुळे ट्रेकिंगचे जड बूट लागत नाहीत, पण चपलांवर जाऊ नका. मधल्या टेकडीवर सावली जवळजवळ नाही, हे विशेषतः ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बोट

सेंट्रल भागात, हाँगकाँग मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर, धक्क्यांची रांग आहे. लामाचा धक्का 4 क्रमांकाचा. इथून बेटावरच्या दोन वेगळ्या गावांना बोटी जातात. युंग श्यू वान हे उत्तरेकडचं मोठं गाव. तिथे अर्ध्या तासात पोहोचता आणि बोटी वरचेवर असतात. सोक क्वू वान हे पूर्वेकडच्या खाडीतलं छोटं गाव; तिथल्या बोटी मोजक्या. एका धक्क्यावरून दोन्ही सुटत असल्यामुळे फाटकावरचं नाव वाचल्याशिवाय आत शिरू नका.

मेट्रोला वापरता तेच ऑक्टोपस कार्ड इथे चालतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी भाडं थोडं जास्त असतं आणि गर्दी बरीच जास्त. जमल्यास मधल्या वारी जा.

माझा ठाम सल्ला असा: जाताना युंग श्यू वानला उतरा, चालत सोक क्वू वानला या आणि तिथून परतीची बोट घ्या. उलट दिशेनेही जाता येतं आणि तसं जाणारे पुष्कळ आहेत. पण मग गुहा सुरुवातीलाच लागते, खाडी अजून नजरेत भरलेली नसते आणि गुहा नुसतं भोकच राहते. युंग श्यू वानकडून आलात की आधी टेकडीवरून पूर्ण खाडी दिसते, मग तुम्ही तिच्यात उतरता आणि मग गुहेसमोर येता. हा क्रम मोडू नका.

सोक क्वू वानहून परतीच्या बोटी किती वाजता आहेत, त्याचा फोटो सकाळीच धक्क्यावर काढून ठेवा. एक बोट चुकली तर दीड-दोन तास बसावं लागू शकतं.

युंग श्यू वान ते हुंग शिंग ये

उतरल्यावर सरळ गावच्या अरुंद मुख्य रस्त्याने चालू लागा. दोन्ही बाजूंना दुकानं, मासळीच्या टाक्या लावलेली हॉटेलं, कॉफीची छोटी दुकानं. रस्ता एवढासाच, आणि त्यावरून मधूनच गॅसच्या टाक्या किंवा विटा भरलेली पिटुकली मोटरगाडी धडधडत येते. बेटावर हीच काय ती वाहनं. भिंतीला चिकटून तिला वाट द्या.

रस्त्याच्या टोकाकडे टिन हाऊचं देऊळ आहे. ही समुद्राची देवी. कोळ्यांची, खलाशांची राखणदार. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर जिथे मासेमारी तिथे तिचं देऊळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे देऊळ परकं वाटणार नाही.

इथून पुढे हुंग शिंग ये चौपाटीच्या पाट्या बघत चला. वाटेत केळीची झाडं, परसातल्या भाज्या, लहान घरं लागतात. चौपाटीच्या अलीकडे टोफू फाची टपरी लागते. सोयाबीनच्या दुधाचा मऊ, थरथरणारा खरवस म्हणा ना, वर साखरेचा पाक. गरम किंवा गार, दोन्ही मिळतो. शाकाहारी मंडळींनी इथे पोट भरून घ्यावं, कारण पुढच्या गावात मासळीचंच राज्य आहे.

हुंग शिंग येला पोहोचलात की उजवीकडे लामा वीज केंद्राच्या तीन उंच चिमण्या दिसतात. बऱ्याच जणांना त्या खुपतात. मला नाही खुपत. हाँगकाँग बेटाला लागणारी वीज इथे तयार होते, 1982 पासून. पलीकडच्या काचेच्या मनोऱ्यांचे दिवे इथून जळतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. गावामागच्या टेकडीवर एक पवनचक्कीही आहे, 800 किलोवॅटची, 2006 पासून फिरते आहे. वेळ असेल तर अर्धा-पाऊण तासाचा फेरफटका तिकडे होतो, नसेल तर सोडून द्या.

चौपाटीवर स्वच्छतागृह आहे. ते वापरूनच पुढे निघा आणि पाण्याची बाटली भरलेली आहे ना, बघा. चढ इथूनच सुरू होतो.

टेकडीवरून खाडी बघा

चौपाटीच्या टोकापासून सिमेंटच्या पायऱ्या आणि उतरणी-चढणींची वाट टेकडीवर जाते. चढ फार नाही. रोज जिना चढणाऱ्याला त्रास होणार नाही. झाडं मागे पडतात, खुरटं गवत आणि मोठमोठे गोल धोंडे सुरू होतात. हा ग्रॅनाइट. सह्याद्रीतल्या काळ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हे पिवळट-राखाडी, कडा झिजलेले गोळे वेगळे वाटतात. ऊन-पावसाने भेगांमधून हा खडक कुजत जातो, कोपरे आधी झडतात आणि आतला गाभा धोंड्यासारखा उरतो. पाण्याजवळ असेच धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले दिसतील. वर घारी घिरट्या घालत असतात.

वाटेवर बसायला छत्र्या, म्हणजे छप्पर असलेले छोटे मंडप आहेत. पहिल्या छत्रीतून मागे वळून बघा: चौपाटी, चिमण्या, पश्चिमेकडचा समुद्र. पुढे गेल्यावर दुसरी बाजू उघडते आणि खाली सोक क्वू वानची खाडी दिसते. इथे बसा. घाई करू नका. गुहेचा निम्मा खुलासा इथूनच होतो.

खाडीचा आकार बघा. तिन्ही बाजूंनी डोंगर, पूर्वेकडे तोंड. आत पाणी संथ, म्हणूनच तिथे मत्स्यशेतीचे तराफे चौकटी-चौकटींनी तरंगताना दिसतात. समोरच्या बाजूला डोंगर कापल्याची खूण आहे, ती जुन्या दगडखाणीची. आता खाडीच्या तोंडापलीकडे नजर न्या. तिथून मोठमोठी कंटेनरची जहाजं जाताना दिसतील. ती पूर्व लामा सामुद्रधुनी. लामा आणि हाँगकाँग बेट यांच्यामधला हा जलमार्ग म्हणजे दक्षिणेकडून हाँगकाँग बंदरात शिरायचा मुख्य दरवाजा. आज व्यापारी जहाजं तिथून जातात, 1945 मध्ये दोस्त राष्ट्रांचं आरमार तिथूनच येणार, हे नकाशा बघणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला कळत होतं. दरवाजाच्या बाजूलाच आडोशाची, बाहेरून चटकन न दिसणारी खाडी. दबा धरून बसायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

गुहेसमोर

छत्रीपासून वाट उतरत जाते. उजवीकडे लो सो शिंग चौपाटीचा फाटा लागतो. हुंग शिंग येपेक्षा ती शांत आणि झाडीची आहे, डबा खायला उत्तम. परत मुख्य वाटेला लागून खाडीच्या पाण्याजवळ आलात की डोंगराच्या बाजूला गुहेचं तोंड आणि फलक दिसतो. पाट्यांवर तिचं नाव ‘कामिकाझे’ गुहा असं आहे. कामिकाझे म्हटलं की आपल्याला जपानची आत्मघातकी विमानं आठवतात. इथे विमानांचा काही संबंध नव्हता, होत्या त्या बोटी.

पार्श्वभूमी थोडक्यात. जपानने 8 डिसेंबर 1941 रोजी हाँगकाँगवर हल्ला केला. 18 दिवसांच्या लढाईनंतर, नाताळच्या दिवशी, ब्रिटिश गव्हर्नरने शरणागती पत्करली. त्यानंतर 3 वर्षं 8 महिने जपानी ताबा होता. सुरुवातीला जिंकत सुटलेलं जपान 1944 पर्यंत सगळीकडे मागे रेटलं जात होतं. मोठी जहाजं बुडाली होती, इंधन संपत आलं होतं, अनुभवी वैमानिक उरले नव्हते. त्या टंचाईतून शिन्यो नावाच्या बोटी निघाल्या. प्लायवूडचा सांगाडा, मोटारीचं इंजिन, जेमतेम पाच-सहा मीटर लांबी आणि नाकाडात अडीचशे किलोच्या घरात स्फोटकं. चालवायला सहसा एकच माणूस. रात्री लपून निघायचं आणि शत्रूच्या जहाजावर जाऊन धडकायचं. अशा हजारो बोटी बांधल्या गेल्या आणि फिलिपिन्स, ओकिनावा, तैवान, हाँगकाँग अशा किनाऱ्यांवर पेरल्या गेल्या.

लाकडी बोट उघड्यावर ठेवली तर वरून विमानाने एक फेरी मारली की संपली, आणि अमेरिकन विमानं तेव्हा हाँगकाँगवर बॉम्ब टाकत होतीच. म्हणून डोंगर पोखरून बोटी आत ठेवायच्या. ग्रॅनाइटच्या छताखाली बोटही सुरक्षित आणि स्फोटकंही.

आता गुहेकडे पाठ करून उभे राहा आणि पाण्याकडे बघा. तुमच्या पायाखालची वाट, तिच्यापलीकडे किनारा, मग खाडी, मग खाडीचं तोंड आणि त्यापलीकडे मघाशी वरून पाहिलेला जलमार्ग. बोट बाहेर काढून पाण्यात ढकलायला काही क्षण, खाडीबाहेर पडायला काही मिनिटं. त्या बोटीत बसायला नेमलेली बहुतेक पोरं विशीच्या आसपासची होती, हे लक्षात ठेवून एकदा ते अंतर नजरेने मोजा.

प्रत्यक्षात त्या बोटींना इथून ठरवल्याप्रमाणे लढायची वेळ आली नाही. 15 ऑगस्ट 1945 ला जपानने शरणागती जाहीर केली. 30 ऑगस्टला रिअर अ‍ॅडमिरल हारकोर्ट यांचा ब्रिटिश ताफा हाँगकाँगकडे आला. शरणागती जाहीर झाली असली तरी या बोटींचा भरवसा कोणालाच नव्हता. लामाच्या खाडीत हालचाल दिसताच ताफ्यातल्या विमानवाहू जहाजांवरून विमानं उडाली आणि त्यांनी इथल्या बोटींवर बॉम्ब टाकले. आज जिथे माशांचे तराफे तरंगतात, तेच हे पाणी. औपचारिक शरणागतीवर सह्या झाल्या 16 सप्टेंबरला.

काही सूचना. आत अंधार आणि ओल असते, जमीन निसरडी. कठडा किंवा ‘प्रवेश बंद’ची पाटी असेल तर ओलांडू नका, तोंडातूनच बॅटरीचा झोत टाका, तेवढ्याने अंदाज येतो. पावसानंतर लगेच तर आत जाऊच नका. परिसरात आणखीही तोंडं आहेत, ती शोधायला झुडपांत शिरू नका. साप असतात आणि मिळण्यासारखं काही नाही. मुलांना बरोबर नेलं असेल तर त्यांना गुहेत धावू देण्याआधी ती कशासाठी खणली, हे दोन वाक्यांत सांगा. मुलांना ते समजतं. आणि भिंतींवर नावं कोरायची नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये.

सोक क्वू वान

गुहेपासून खाडीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटांत गाव येतं. आधी इथलं टिन हाऊचं देऊळ. आत काचेच्या पेटीत एक लांबलचक ओअरफिश जपून ठेवला आहे. चंदेरी पट्ट्यासारखा हा खोल समुद्रातला मासा माणसाला सहसा दिसत नाही, तेव्हा दोन मिनिटं थांबून बघाच.

मग पाण्यावर बांधलेल्या मासळीच्या हॉटेलांची रांग. टाक्यांमधून नळ्यांनी हवा सोडलेली, आत गरूपा, तिसऱ्या, खेकडे, शेवंडं. एका टाकीत प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसतील आणि प्रत्येक बाटलीत एकच मँटिस कोळंबी. एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना मारून टाकतात, म्हणून ही एकांतवासाची सोय. मीठ, मिरी आणि लसणीत तळलेली ही कोळंबी, आलं-कांद्याची पात घालून उकडलेला अख्खा मासा आणि लसूण पेरलेले शिंपले मागवा. मसाल्याची सवय असलेल्या जिभेला पहिला घास फिका वाटेल. दुसऱ्या घासापासून माशाची स्वतःची चव कळू लागते.

भाव वजनावर असतो आणि वजन कॅटीत, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास. मासा टाकीतून काढण्याआधी भाव विचारा, वजन करून घ्या आणि एकूण किती होणार ते आकड्यात लिहून मागा. यात कोणाला राग येत नाही. काही हॉटेलं जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या बोटीने परत शहरात सोडतात. टेबल घेतानाच चौकशी करा.

शाकाहाऱ्यांनी ‘ङो सिक् जाय’ एवढं म्हणावं. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाणं असा त्याचा अर्थ तिथे घेतला जातो, त्यामुळे मांस-मासळी टळते. नुसतं ‘भाजी’ म्हणून मागवलीत तर वर कालवांचा सॉस पडून येण्याची दाट शक्यता. परतलेल्या हिरव्या भाज्या, साधा भात आणि टोफू हमखास मिळतो. जैन मंडळींनी डबा न्यावा हेच खरं.

जास्त वेळ असेल तर

चालायची हौस भागली नसेल तर सोक क्वू वानहून मो टाट वानकडे किनाऱ्याने जाणारी वाट सुंदर आहे. 353 मीटरचा माउंट स्टेनहाउस हे बेटावरचं सगळ्यात उंच टोक. पण वाट उभी आणि सुट्या मातीची आहे, आपल्याकडच्या किल्ल्यांवर सराव असेल तरच जा.

दक्षिणेचा शाम वान हा किनारा हिरव्या समुद्री कासवांच्या अंड्यांसाठी राखीव आहे. 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर तिथे पाऊल टाकायला बंदी आहे आणि दंड जबर आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही बंदी का हवी ते सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल, तर मेट्रोने चाय वानला जा आणि चढ चढून साय वानच्या युद्ध दफनभूमीत जा. 1941 च्या लढाईत हाँगकाँग राखायला राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या भारतीय पलटणी होत्या. 18 डिसेंबरच्या रात्री जपानी सैन्य हाँगकाँग बेटावर उतरलं ते राजपूतांच्या मोर्चांवरच, आणि त्या पलटणीची फार मोठी हानी झाली. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांच्यासाठी तिथे वेगळं स्मारक आहे. राजपूत पलटणीचे कॅप्टन मतीन अन्सारी युद्धकैदेत छळ सोसूनही फितले नाहीत. जपान्यांनी ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांना ठार मारलं. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान मिळाला. त्यांची कबर मात्र साय वानला नाही, स्टॅन्लीच्या लष्करी दफनभूमीत आहे. सेंट्रलहून स्टॅन्लीला थेट बस जाते. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर आधी साय वान उरका, म्हणजे चढ उन्हाच्या आत होतो.